गुलाबी रंगाचा माग

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर गेल्या काही वर्षांत एक पक्षी भिंतीवर येऊन बसला आहे. नवी मुंबईत पामबीच रस्त्याच्या कडेला, उड्डाणपुलांच्या खांबांवर, भुयारी मार्गांत, चौकाचौकांत तो दिसतो. कुठे रंगवलेला, कुठे भंगारातून जोडलेला, कुठे पुतळा होऊन एका पायावर उभा. लांब पाय, वाकडी चोच, गुलाबी अंग. मुले त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. पर्यावरणावरची सार्वजनिक कला म्हणून या महानगराने आजवर जे काही पाण्याच्या काठी उभे केले, त्यात हा पक्षी सगळ्यांत पुढे आहे.

या चित्राचा पूर्वज शोधावा, असे मला फार दिवस वाटत होते. चित्रे आपोआप भिंतीवर येत नाहीत. त्यांना निधी लागतो, भिंत लागते, परवानगी लागते, आणि आपल्याला आपले गाव कसे दिसावे याविषयी कुणाची तरी इच्छा लागते. या पक्ष्याच्या गुलाबी रंगाचा माग काढत गेलो की वाट पुन्हा खाडी ओलांडून पश्चिमेला येते आणि देवनारला पोचते. तिथला कचऱ्याचा डोंगर मात्र कुणी शहराच्या दर्शनी भिंतीवर मांडला नाही. एकाच खाडीच्या पोटातून निघालेल्या दोन गोष्टींपैकी एक चित्र झाली आणि दुसरी नजरेआड गेली. हे कसे घडले, त्याचा हा मागोवा.

आधी पक्ष्याचे. मराठीत तो रोहित, कुणी अग्निपंख म्हणतात. काठावरची माणसे सरळ फ्लेमिंगो म्हणतात. आपल्याकडे त्याची मोठी वीण होते ती कच्छच्या रणात. १९४५मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली रणातल्या त्या वसाहतीपर्यंत गेले आणि चिखलाच्या बुटक्या घरट्यांच्या त्या अफाट पसाऱ्यावर त्यांनी लिहिले. पक्षिशास्त्राच्या लेखनात त्या जागेला ‘फ्लेमिंगो सिटी’ असेच नाव आहे. नवी मुंबईने तेच नाव स्वतःला लावून घेतले ते त्यानंतर सुमारे पाऊण शतकाने. मुंबईच्या खाडीत हे थवे मोठ्या संख्येने उतरू लागले १९९०च्या दशकात, आधी शिवडीच्या चिखलात. त्याआधी रोहित इथला नेमाने येणारा पाहुणा नव्हता. मग संख्या वाढत गेली आणि २०१९च्या हिवाळ्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत ती लाखाच्या पुढे गेली. ६ ऑगस्ट २०१५ रोजी राज्य सरकारने ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यानचा खाडीचा पश्चिम काठ अभयारण्य म्हणून जाहीर केला. १,६९० हेक्टर, त्यांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन. २०२२मध्ये भोवतालचा पट्टा धरून ६,५२१ हेक्टर जागेला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

वाशी पूल हे या अभयारण्याचे दक्षिणेकडचे टोक. देवनारचा कचराडेपो याच पट्ट्याला लागून आहे. मध्ये तिवरांची झाडी, पलीकडे चिखल, आणि ओहोटीला त्या चिखलावर पक्षी.

हे पक्षी इथे का आले, याचे उत्तर त्यांच्या रंगातच आहे. रोहिताचे पिल्लू करडे असते. त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. चिखलावर आणि उथळ पाण्यात वाढणारे सूक्ष्म निळे-हिरवे शैवाल तो चोच उलटी धरून गाळून खातो. त्या शैवालातली रंगद्रव्ये पिसांत उतरतात. छोटा रोहित तर जवळजवळ या शैवालावरच जगतो. शैवाल माजायला नत्र आणि स्फुरद लागते, आणि ठाणे खाडीत ते येते दोन्ही काठांवरच्या वस्त्यांच्या सांडपाण्यातून, अर्धवट शुद्ध केलेल्या आणि मुळीच शुद्ध न केलेल्याही. खाडी जवळपास सव्वीस किलोमीटर लांब, वरच्या टोकाला अरुंद. भरती-ओहोटी तिला पुरती धुऊन काढू शकत नाही. म्हणून इथले पाणी सुपीक होत गेले, मासळी कमी होत गेली, चिखल चढत गेला, आणि त्या चिखलावर पक्ष्यांचे ताट वाढले गेले. गाळात कारखान्यांचे जड धातूही आहेत आणि डेपोतून पाझरणारे काळे पाणीही. पक्ष्याला निवड नसते. भिंतीवरचा गुलाबी हात मारताना रंगारी ज्या छटेची नक्कल करतो, ती छटा या शहराने नाल्यांवाटे सोडून दिलेल्या घाणीवर पोसलेली आहे. हे ऐकून पक्षी मला कमी सुंदर वाटत नाही. पण त्याचे चित्र निर्मळ निसर्गाची खूण म्हणून लावले जाते तेव्हा गोष्टीचा अर्धा भाग पुसला जातो.

तो पुसलेला अर्धा भाग १८९६मध्ये सुरू होतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. उंदीर आणि पिसवा यांच्याशी प्लेगचा संबंध अजून कळायचा होता. घाण, कुजकी हवा, दाटीवाटी यांतून रोग उठतो अशी समजूत होती. लोक शहर सोडून पळाले, सफाई कामगारही गेले तर काय, ही पालिकेची मोठी धास्ती होती. तोवर मुंबईने आपला कचरा आपल्याच पोटात जिरवला होता. भायखळा, कामाठीपुरा या भागांतल्या सखल दलदली शहराच्या केरकचऱ्यानेच भरून त्यांवर वस्ती झाली. बेटे जोडून शहर झाले असे आपण शाळेत शिकतो; त्या सांध्यांमध्ये भरलेला माल काय होता, ते शिकवले जात नाही. प्लेगच्या धक्क्याने पालिकेने ठरवले की कचरा वस्तीपासून दूर, शहराच्या हद्दीबाहेर न्यायचा. १८९७मध्ये चेंबूर-देवनारकडची खाडीकाठची आठशेहून अधिक एकर दलदल घेतली गेली आणि १८९९पासून कचऱ्याची रेल्वेगाडी तिकडे धावू लागली. पालिकेच्या कागदांत डेपोचे वय १९२७पासून मोजतात, पण कचऱ्याची पायवाट त्याहून जुनी आहे. कुर्ल्याहून चेंबूरकडे वळणारा आजच्या हार्बर लोकलचा मार्ग मुळात या कचऱ्यासाठीच. माणसांना त्यावरून जायला मिळाले १९२४मध्ये. रोज त्या गाडीने वाशी-पनवेल करणाऱ्या लाखो लोकांच्या रुळांखाली हा इतिहास आहे.

कल्पना अशी होती की कचऱ्याने दलदल भरेल आणि जमीन तयार होईल. शंभर वर्षांत जमीन तर झालीच, वर डोंगर झाला. सुमारे १३२ हेक्टरांवर पसरलेला, काही जागी पंधरा-वीस मजली इमारतीइतका उंच. आणि ज्याला शहरात जागा नव्हती ते सगळे हळूहळू त्याच्या पायथ्याशी आणले गेले. १९७१मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला आला. त्याच दशकाच्या सुरुवातीला शहरातल्या झोपड्या उठवून गोवंडीचे शिवाजीनगर आखले गेले. १९७६मध्ये अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीसाठी जनता कॉलनीची हजारो कुटुंबे उचलून ट्रॉम्बेच्या खाडीकाठी चीता कॅम्पला टाकली गेली. पुढे रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत घरे गेलेल्यांसाठी मानखुर्द-गोवंडीत सात-सात मजली इमारतींचे ठोकळे उभे राहिले. २००९च्या मुंबई मानवी विकास अहवालात देवनार-गोवंडीचा एम पूर्व हा विभाग शहरात तळाशी होता. त्याच देवनारात टाटा समाजविज्ञान संस्था १९५४पासून आहे, ती या विभागाचा अभ्यास करत आली आहे, आणि झाडीतल्या शांत वसाहतीही आहेत. देवनार म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे काय येते, यावरून तो माणूस कुठल्या बाजूला राहतो ते कळते.

डोंगरावर कचरा वेचणारी माणसे त्या जागेला अजूनही ‘खाडी’ म्हणतात. सकाळी कामाला निघताना खाडीवर चाललो असे सांगतात. पायाखाली पाणी उरलेले नाही, पण त्यांच्या बोलण्यात काठ शाबूत आहे.

आता कलेकडे. या काठावर भिंतीवरच्या चित्रांच्या आधी काही नव्हते, असे समजणे चूक ठरेल. ट्रॉम्बे, माहूल, मानखुर्द ही कोळ्यांची आणि आगऱ्यांची ठाणी. होडीला दरवर्षी रंग चढवणे, तिच्या नाळेवर नाव आणि देवाची खूण काढणे, शिमग्याला आणि नारळी पौर्णिमेला ती पताकांनी सजवणे, काठावरच्या देवाच्या दगडाला शेंदूर लावणे, ही सार्वजनिक कलाच होती आणि ती पाण्याशी रोजचा व्यवहार असलेल्या माणसांची होती. होडी बंद झाली की ती कला बंद होते. मासळी गेली की रंगही गेला. शिवाय १८९३पासून सार्वजनिक झालेला गणपती. दहा दिवस मांडवात बसवलेल्या मूर्तीभोवती समाजाच्या प्रश्नांचे देखावे करायचे आणि शेवटी मूर्ती पाण्यात सोडायची, यापेक्षा मोठी जलकाठची लोककला कुठे असेल? पाणीटंचाई, वृक्षतोड, प्लॅस्टिक यांवरचे देखावे मंडळांनी केले ते कला महोत्सवांच्या पुष्कळ आधी. चेंबूर-देवनारचे कितीतरी गणपती आजही चरई तलावात जातात. शाडूच्या जागी प्लास्टर आले तेव्हा मूर्ती विरघळेनाशी झाली आणि कलेनेच पाणी घाण केल्याचा प्रश्न उभा राहिला. त्यावर न्यायालयांपर्यंत वाद गेला. या जुन्या कलेचा एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. ती काठावर येऊन, पाण्यात उतरून करायची होती. गाडीतून जाताना बघायची नव्हती.

दुसरी वंशरेषा बाहेरची आहे, आणि तिचे नाते देवनारशी आश्चर्य वाटावे इतके जवळचे आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर भरतीच्या पाण्याच्या दलदलीत १९४८मध्ये फ्रेश किल्स हा डेपो सुरू झाला; देवनारसारखीच कल्पना, दलदल भरून जमीन करायची. तोही वाढत वाढत जगातल्या सर्वांत मोठ्या डेपोंपैकी एक झाला आणि २००१मध्ये बंद पडला. त्याच शहरात मियर्ल लॅडरमन युकेलीस या कलावतीने १९६९मध्ये, पहिले मूल झाल्यावर, एक जाहीरनामा लिहिला. घर आवरणे, मूल सांभाळणे, शहर झाडणे ही रोज करावी लागणारी, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी कामे हीच आपली कला, असे तिने त्यात मांडले. १९७७पासून ती न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात बिनपगारी कलावंत म्हणून रुजू झाली. १९७९-८०मध्ये जवळपास वर्षभर ती शहरभर फिरली आणि साडेआठ हजार सफाई कामगारांपैकी प्रत्येकाशी हात मिळवून तिने त्याचे आभार मानले. एवढेच ते काम. ना भिंत, ना पुतळा. ज्या हाताला हात लावायला लोक बिचकत होते, तो हात शहराच्या वतीने हातात घेणे. पुढे तिने कचऱ्याच्या ट्रकला आरसे लावले, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला त्यात स्वतःचा चेहरा दिसावा. आणि फ्रेश किल्सच्या भवितव्यात कलेची जागा काय, यावर ती अनेक वर्षे काम करत राहिली. १९८२मध्ये अ‍ॅग्नेस डेनिस यांनी मॅनहॅटनच्या टोकाला, इमारतींच्या खोदकामाच्या मातीने नदीत भर घालून केलेल्या दोन एकरांवर गहू पेरला आणि कापला. तो जास्त गाजला, त्याची छायाचित्रे सुंदर आहेत. तरीही मला युकेलीस मोठी वाटते. आपल्याकडे तर हात लावणे हा साधा शिष्टाचार नाही. त्याला जातीचा सगळा इतिहास चिकटलेला आहे. मुंबईची सफाई ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यांच्या हाताला हात लागणे ही इथे किती मोठी गोष्ट आहे, हे महाडच्या तळ्याची आठवण असलेल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

तिसरा डेपो ब्राझीलमधला. रिओ शहराचा जार्दिम ग्रामाशो हा डेपो ग्वानाबारा उपसागराच्या काठी, तोही खारफुटीच्या दलदलीत. चित्रकार विक मुनिझ तिथल्या कचरावेचकांना सोबत घेऊन, कचऱ्याच्याच वस्तू मांडून, त्यांची प्रचंड व्यक्तिचित्रे करत होता. त्यावर २०१०मध्ये ‘वेस्ट लँड’ हा माहितीपट आला. वेचकांची संघटना तिथे आधीपासून होती, तिचा अध्यक्ष तियाओ सांतोस त्या चित्रांतला नायक झाला. २०१२मध्ये डेपो बंद झाला तेव्हा वेचकांना भरपाई मिळाली. ती चित्रामुळे मिळाली असे म्हणणे संघटनेवर अन्याय होईल. पण चित्रांमुळे या माणसांचे चेहरे आणि नावे जगाला माहीत झाली होती, आणि नाव माहीत असलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडणे सरकारला जड जाते.

भारतात हा विचार आधी दिल्लीत, यमुनेच्या काठी रुजला. विवान सुंदरम यांनी कचरावेचकांच्या साथीने आपल्या स्टुडिओत टाकाऊ वस्तूंचे अख्खे शहर मांडले आणि प्लॅस्टिकच्या हजारो बाटल्यांचा तराफा यमुनेवर सोडला. २०११मध्ये रवि अग्रवाल यांनी जर्मन सहकाऱ्यांसोबत यमुना आणि एल्ब या दोन नद्यांवर सार्वजनिक कलेचा प्रकल्प केला. मुंबईत मात्र वाट वेगळी निघाली. २००९मध्ये सेनापती बापट मार्गावरच्या रेल्वेच्या भिंतीवर शेकडो लोकांनी पालिकेच्या परवानगीने चित्रे काढली, आणि भिंत ही शहराची आवडती जागा झाली. पाण्याच्या काठी मोठे काम झाले ते ससून डॉकमध्ये. १८७५च्या त्या गोदीत २०१७च्या नोव्हेंबरपासून जवळपास दोन महिने स्टार्ट इंडिया संस्थेने कलाप्रदर्शन भरवले. गुइडो व्हॅन हेल्टनने इमारतीच्या दर्शनी भागावर कोळणींचे चेहरे रंगवले. सिंगापूरच्या टॅन झी शी हिने समुद्रातल्या प्लॅस्टिकचा छतापासून लोंबणारा समुद्र केला, त्याखालून माणसे चालत जात. दक्षिण मुंबईतली पुष्कळ माणसे त्या निमित्ताने पहिल्यांदा मासळीच्या वासात शिरली. ते चांगले झाले. देवनारपर्यंत कुणी आले नाही.

आणि मग स्वच्छ सर्वेक्षण आले. २०१६पासून शहरांना स्वच्छतेसाठी गुण आणि क्रमांक मिळू लागले, सुशोभीकरण हा त्यातला दिसणारा भाग झाला, आणि देशभरातल्या भिंती रंगल्या. कलामहाविद्यालयांतल्या मुलामुलींना काम मिळाले, चौकांतल्या पिचकाऱ्या कमी झाल्या. हे लहान फायदे नाहीत. नवी मुंबईला विषय शोधावा लागला नाही. खाडीत गुलाबी पक्षी उभेच होते. रोहित निवडला जाण्याची कारणे मला स्पष्ट दिसतात. तो दुरून ओळखू येतो. दोन रंगांत निभतो. तो कुणाच्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा नाही. तो भरपाई मागत नाही, मोर्चा काढत नाही. पर्यावरणाचे चित्र म्हणून तो लावला की पर्यावरण बिघडवले कुणी आणि सोसले कुणी, हा प्रश्न भिंतीवर येतच नाही.

देवनारचे जे चित्र जगाने पाहिले, ते कुठल्या कलावंताने काढलेले नव्हते. २८ जानेवारी २०१६ला डोंगराला आग लागली. खाली दबलेल्या कचऱ्यात तयार होणारा मिथेन पेटत राहिला, धूर कित्येक दिवस शहरावर पसरला, विभागातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. नासाच्या उपग्रहांनी तो धूर अवकाशातून टिपला: करड्या शहराच्या काठावरून निघालेला पांढरा फराटा. ते छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून आले तेव्हा एका पिढीला पहिल्यांदा नकाशावर देवनार कुठे आहे ते कळले. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. त्यानंतर डेपोची भिंत पक्की करणे, पहारे, कॅमेरे अशी व्यवस्था आली. भिंतीच्या आत कचरा वेचून पोट भरणाऱ्यांना ती ओलांडणे गुन्हा झाला. भिंतीच्या अलीकडे भंगारवाल्यांचे काटे चालूच राहिले. पुठ्ठा वेगळा, पत्रा वेगळा, पन्नी वेगळी, काच वेगळी. शहराच्या कचऱ्याचे खरे वर्गीकरण कुठल्याही सर्वेक्षणाआधीपासून इथे होत आले आहे.

या वस्त्यांतून स्वतःची कला उभी राहिली ती २०२३च्या फेब्रुवारीत. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये, प्रकल्पग्रस्तांच्या त्या सात मजली इमारतींमध्ये, पाच दिवसांचा गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरला. कम्युनिटी डिझाइन एजन्सी ही संस्था तिथे आधीपासून रहिवाशांसोबत इमारतींमधल्या कचऱ्याने भरलेल्या गल्ल्या साफ करण्याचे, मुलांसाठी वाचनालय चालवण्याचे काम करत होती, म्हणून हा उत्सव वरून येऊन पडल्यासारखा झाला नाही. ब्रिटनमधल्या कलासंस्थांची साथ होती. तिथल्याच मुलामुलींनी रॅप गायले, नाटक केले, छायाचित्रे आणि लघुपट केले, भिंती रंगवल्या. आणि काड्या नि कागदाचे मोठमोठे कंदील करून ते हातात धरून मिरवणूक काढली. गोवंडी म्हटले की बातमीत गुन्हा, क्षयरोग नाहीतर आग येते, याचा त्यांना राग होता आणि तो त्यांनी उघड बोलून दाखवला. कंदिलांची मिरवणूक या वस्तीला परकी वाटली नसणार; इथे ताजिये निघतात, गणपती निघतात. मला तिचे महत्त्व वाटते ते यासाठी की होडीच्या रंगासारखीच ती राहणाऱ्यांच्या हातची होती, आणि ती काढायला स्वतः रस्त्यावर यावे लागत होते.

खाडीच्या वरच्या टोकाला, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात, शिल्पकार पराग तांडेल आणि कादंबरी कोळी हे याच धाग्याचे दुसरे टोक धरून आहेत. तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज या नावाने ते कोळी समाजाच्या वस्तू, पदार्थ, जाळी, आठवणी जमवतात आणि लोकांपुढे मांडतात. तांडेलांच्या शिल्पांमधून माशांचे आणि या बेटांचे आकार येतात. खाडीत कुठला मासा कधी मिळत होता आणि आता का मिळत नाही, हे जाळे टाकणाऱ्याला माहीत असते. ती माहिती वस्तूंत आणि आकारांत साठवून ठेवणे हे मी पर्यावरणाच्या कलेतले सगळ्यांत निकडीचे काम मानतो. रोहित वाढले त्याच वर्षांत जाळी रिकामी येऊ लागली. हे दोन्ही एका चित्रात मांडणारा चित्रकार आपल्याला हवा आहे.

चित्रातला पक्षी तरी सुखरूप आहे का? २०२४च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावाजवळ रोहित मेलेले सापडले. भरतीचे पाणी तलावात शिरायचे मार्ग बुजल्याची तक्रार पर्यावरणप्रेमी करत होते. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरच्या पंतनगर भागावर उतरत्या विमानाला थवा धडकला आणि ३९ पक्षी वस्तीत पडले. त्यांचे भिंतीवरचे भाऊबंद तेव्हा ताज्या रंगात होते. पुतळ्याला निधी आणि पाणथळीला भराव, असे दोन्ही एकाच शहरात चालू शकते; त्यावर काठावरच्या नागरिकांनी मानवी साखळ्या केल्या, तलाव राखीव व्हावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. माझ्या लेखी ती साखळीही त्या भिंतीवरच्या चित्राइतकीच सार्वजनिक कृती आहे.

आणि आता डोंगरच जाणार आहे. धारावीच्या पुनर्विकासातल्या पुनर्वसनासाठी डेपोतली १२४ एकर जागा द्यायचे राज्य सरकारने २०२४मध्ये ठरवले. २०२५मध्ये पालिकेने १८५ लाख टन जुना कचरा उपसून, चाळून, जमीन मोकळी करण्यासाठी २,३६८ कोटींची निविदा काढली. म्हणजे शहरातून उठवलेली आणखी काही हजार कुटुंबे पुन्हा याच काठावर येतील, १९७०च्या दशकात आली तशीच. जमीन मोकळी झाली की तिथे कुंपण येईल, बाग येईल, खाडीकडे तोंड करून एखादा कट्टा येईल, आणि त्या कट्ट्याच्या भिंतीवर काय काढायचे हे विचारायला कुणीतरी कंत्राटदार चित्रकाराकडे जाईल. उत्तर काय येईल ते मला आजच ठाऊक आहे.

म्हणून मागणी आत्ताच करायची आहे. युकेलीस सफाई खात्यात गेली तेव्हा फ्रेश किल्सवर ट्रक येत होते. मुनिझ पोचला तेव्हा ग्रामाशो चालू होता. देवनारवर अजूनही रोज काहीशे टन कचरा पडतो, काटे चालू आहेत, १९८०च्या आधीपासून वेचणाऱ्या बाया अजून हयात आहेत आणि डोंगराच्या कुठल्या थरात काय निघते ते त्यांना माहीत आहे. चाळणीतून काच, पत्रे, १९२०-३०च्या बाटल्या, मुंबईच्या शंभर वर्षांचे घरसामान निघेल. ते भरावाच्या ट्रकमध्ये जाण्याआधी त्यातले काय ठेवायचे, हे ठरवायला या बाया, चीता कॅम्प-शिवाजीनगरची मुले, ट्रॉम्बे-मानखुर्दचे कोळी आणि दोन-चार कलावंत एका टेबलाशी बसवावेत. कामाच्या खर्चातला अगदी छोटा हिस्सा त्यासाठी वेगळा काढावा, आणि वेचकांना त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. टाटा संस्थेचे आवार तिथून फार लांब नाही. पहिली बैठक तिथे घेता येईल.